सहीची जबाबदारी : शिंदखेडा तालुक्यातून दिसणारा लेखाव्यवसाय

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा हा तापीच्या दक्षिण काठचा तालुका प्रामुख्याने शेतीवर, त्यातही कापूस आणि मिरचीवर उभा असला, तरी तेथे लिहिल्या जाणाऱ्या हिशेबांचे प्रकार मोजू लागल्यास ते एखाद्या शहराइतके निघतात. गावोगावच्या विविध कार्यकारी सहकारी संस्था, ज्यांना बोलण्यात नुसते ‘सोसायटी’ म्हटले जाते, पतसंस्था, ग्रामपंचायती, शाळा-महाविद्यालये चालवणारे न्यास, दोंडाईच्याची कृषी उत्पन्न बाजार समिती आणि तेथील आडते, कापसाचे जिनिंग कारखाने, नरडाण्याची औद्योगिक वसाहत आणि शेअर बाजारात नोंदलेली दोंडाईच्याची युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइड ही कंपनी, या प्रत्येकाचे हिशेब वेगळ्या नियमांनी लिहिले जातात आणि ते तपासणारी माणसेही वेगळी असतात. असे असूनही बारावी वाणिज्यच्या विद्यार्थ्यापुढे बहुधा दोनच पर्याय ठेवले जातात : एक तर सीए, म्हणजे सनदी लेखापाल, व्हायचे, नाही तर टॅली शिकून कोठे तरी नोकरी धरायची. या दोहोंच्या मधली कितीतरी कामे त्यामुळे त्याच्या नजरेस पडत नाहीत, आणि त्यांतली काही कामे अशी आहेत की तालुक्याला त्यांचीच सर्वांत जास्त निकड आहे.

या व्यवसायातील निवड समजून घ्यायची तर हिशेब लिहिणे आणि लिहिलेल्या हिशेबाला साक्ष देणे ही दोन कामे आधी वेगळी ओळखावी लागतात. रोजचा व्यवहार ज्या दिवशी झाला त्या दिवशी रोजकीर्दीत उतरवणे, तो ज्या खात्याचा असेल त्या खात्यावर खतावणीत नेणे, सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाकींची तेरीज जुळवणे आणि वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार करणे हे पहिले काम. ते पूर्वी मुनीम किंवा दिवाणजी करीत, आज लेखापाल संगणकावर करतो. दुसरे काम लेखापरीक्षकाचे असून, तो त्या ताळेबंदाकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहतो, पावत्या, साठा आणि बँकेची बाकी पडताळतो आणि हे हिशेब खरी व वाजवी स्थिती दाखवतात की नाही याबद्दल आपले मत सहीनिशी देतो. पहिल्या कामात चूक झाली तर ती बहुधा मालकाला भोवते; दुसऱ्या कामातली चूक मात्र त्या सहीवर विश्वास ठेवणाऱ्या ठेवीदाराला, सभासदाला आणि कर्ज देणाऱ्या बँकेला भोवते. कायद्याने पात्रता, परीक्षा आणि शिस्त यांचा सारा भार दुसऱ्या कामावर टाकला आहे तो याच कारणाने.

हा भार एकदम आलेला नाही. १९१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांचे हिशेब ठेवणे आणि ते पात्र व्यक्तीकडून तपासून घेणे याला नियमांची चौकट दिली, त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. १९३२ पासून ‘नोंदणीकृत लेखापाल’ ही देशव्यापी ओळख आली, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापाल कायद्यान्वये आजची संस्था, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, स्थापन झाली. खानदेशातील पेठांमध्ये मात्र जुनी रीत बराच काळ टिकून होती. लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजून दिवाळी ते दिवाळी असे हिशेबाचे वर्ष धरण्याची मुभा प्राप्तिकर कायद्यात १९८० च्या दशकाअखेरपर्यंत होती, आणि ३१ मार्च १९८९ रोजी संपलेल्या वर्षापासून सर्वांसाठी एकच आर्थिक वर्ष सक्तीचे झाले. वहीपूजन आजही होते, पण लेखापालाचे खरे वर्ष तेव्हापासून एप्रिलमध्ये सुरू होते.

सनदी लेखापाल होण्याचा मार्ग २०२३ च्या नव्या योजनेनुसार तीन टप्प्यांचा आहे. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट आणि शेवटी फायनल अशा या परीक्षा असून, प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात. वाणिज्य शाखेची पदवी ५५ टक्क्यांनी मिळवलेल्या विद्यार्थ्याला फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला प्रवेश घेता येतो, ही गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी फार कमी जणांना ठाऊक असते. ज्या घरात बारावीनंतर लगेच शहरातील शिकवणीचा खर्च झेपत नाही, तेथे हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरतो. फायनलचे दोन्ही गट एकाच वेळी देणाऱ्यांत उत्तीर्णांचे प्रमाण बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या आत राहते, म्हणून या परीक्षेत एक-दोनदा अपयश येणे ही विद्यार्थ्याच्या कुवतीबद्दलची शेवटची साक्ष मानू नये. खरी अडचण भाषेची आहे. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि व्यावसायिक अभ्यास इंग्रजीत असा प्रवास करणाऱ्या मुलाची पहिली दोन वर्षे पुष्कळदा विषयापेक्षा भाषेशी झगडण्यातच जातात, आणि त्याला जी मदत हवी ती लेखाशास्त्राच्या शिकवणीइतकीच इंग्रजी वाचनाची असते.

इंटरमिजिएटनंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप येते. एखाद्या सनदी लेखापालाच्या कार्यालयात करारबद्ध होऊन काम शिकण्याच्या या काळाची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, आणि या काळात मिळणाऱ्या विद्यावेतनाचा किमान दर शहराच्या लोकसंख्येनुसार ठरतो. ही दोन वर्षे कोठे काढावीत हा प्रश्न शिंदखेड्याच्या विद्यार्थ्यापुढे अगदी प्रत्यक्ष उभा राहतो, कारण सुरत-भुसावळ लोहमार्गावरील त्याच्या गावाहून सुरत गाठणे सोपे आहे, पुणे-नाशिकची ओढ आहे, आणि धुळे व जळगाव येथे तर सनदी लेखापालांच्या संस्थेच्या शाखाच आहेत. मोठ्या शहरातील मोठ्या कार्यालयात मोठ्या कंपन्यांचे लेखापरीक्षण जवळून पाहायला मिळते, परंतु त्यातला एखादाच तुकडा वाट्याला येण्याचा संभव असतो. लहान शहरातील कार्यालयात सकाळी न्यासाचा ताळेबंद, दुपारी आडत्याचे जीएसटी विवरणपत्र आणि संध्याकाळी कर्जासाठी बँकेला द्यायचा प्रकल्प अहवाल असे सगळेच काम एका मुलाच्या हातून जाते. ज्याला पुढे नोकरी करायची आहे त्याने शहराचा, आणि ज्याला स्वतःचे कार्यालय थाटायचे आहे त्याने जिल्ह्याच्या ठिकाणाचा विचार आधी करावा, असे स्पष्ट म्हणता येते.

जिल्ह्याच्या ठिकाणी शिकण्यासारखे काय असते, हे कापसाच्या उदाहरणावरून नीट कळते. वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, त्यात कर सामान्यतः विकणारा भरतो. पण शेतकरी जीएसटीत नोंदणीकृत नसतो, म्हणून नोव्हेंबर २०१७ पासून शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदारावर, म्हणजे बहुधा जिनिंग कारखान्यावर, स्वतःच ५ टक्के कर भरण्याची जबाबदारी टाकण्यात आली. यालाच व्यवहारात ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात. हा कर आधी रोखीने भरावा लागतो आणि नंतर रुई विकताना लागणाऱ्या करातून त्याची वजावट मिळते, त्यामुळे ऐन हंगामात कारखान्याचे खेळते भांडवल काही काळ अडकून पडते. मध्ये नोंदणीकृत व्यापारी आला, तर तोच कर त्याच्या बिलातून येतो आणि सारी नोंद बदलते. मिरचीचेही तसेच आहे. ओली मिरची करमुक्त आहे, पण पथारीवर वाळवून ती पोत्यात भरली की तिच्यावर ५ टक्के कर लागतो. कोणता माल कोणत्या अवस्थेत आणि कोणाकडून घेतला, हे ज्याला बाजारात जाऊन कळत नाही, त्याला नुसते बिल पाहून बरोबर नोंद करता येत नाही. या ठिकाणी खानदेशात वाढलेल्या मुलाचे जन्मापासूनचे ज्ञान व्यवसायाचे भांडवल बनते.

या व्यवसायातील कामाचे दिवस तारखांवर चालतात. ज्यांची विवरणपत्रे मासिक असतात त्यांच्या विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करावा लागतो, पगारदारांची प्राप्तिकर विवरणपत्रे जुलैअखेर, कर-लेखापरीक्षण अहवाल सप्टेंबरअखेर आणि ज्यांना असे लेखापरीक्षण लागते त्यांची विवरणपत्रे ऑक्टोबरअखेर जातात. एप्रिल उजाडताच बँक शाखांची वैधानिक तपासणी सुरू होते. गणपती, नवरात्र आणि पुष्कळदा दिवाळीची तयारीही कार्यालयातच जाते, आणि यात भर म्हणून १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी नवा २०२५ चा कायदा आल्याने अनुभवी माणसालाही कलमांचे क्रमांक नव्याने पाठ करावे लागत आहेत. हा ताण खरा आहे आणि तो लपवून विद्यार्थ्याला या वाटेवर आणणे योग्य नाही. त्याचबरोबर एक मोठा बदल तालुक्यात राहू इच्छिणाऱ्यांच्या बाजूने झाला आहे. विवरणपत्रे आणि नोंदणी ऑनलाइन झाली, आणि २०२० पासून प्राप्तिकर निर्धारणाचे बरेचसे काम अधिकाऱ्यासमोर न बसता, चेहराविरहित पद्धतीने होऊ लागले. त्यामुळे कार्यालय धुळ्याच्या कर विभागाशेजारीच असले पाहिजे ही जुनी गरज बरीच सैल झाली असून, लग्नानंतर किंवा घरच्या जबाबदारीमुळे गावातच राहणाऱ्या शिकलेल्या मुलींना याचा विशेष उपयोग आहे.

सनदी लेखापालाखेरीज परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव हे दोन स्वतंत्र व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. पहिला उत्पादनाच्या खर्चाशी आणि दुसरा कंपनी कायद्याच्या पालनाशी संबंधित असून, दोन्हींना काम मुख्यतः कारखाने आणि कंपन्या यांच्या आश्रयाने मिळते. शासकीय सेवेत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, स्थानिक निधी लेखापरीक्षा, कोषागारे आणि पंचायत समितीचा लेखा विभाग हे मार्ग आहेत, आणि त्यांची माहिती स्पर्धा परीक्षेच्या वर्गांतून सहज मिळते.

ज्याची माहिती मिळत नाही आणि ज्याची गरज मोठी आहे, तो मार्ग सहकाराचा. राज्याच्या सहकार खात्यातर्फे जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा यांची शासकीय पदविका, ही परीक्षा घेतली जाते. पदवीधराला ती देता येते, ती मराठीतून लिहिता येते, आणि तिच्या आधारे माणूस प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून शासनाच्या नामिकेवर, म्हणजे मान्यताप्राप्त लेखापरीक्षकांच्या यादीवर, येऊ शकतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार प्रत्येक संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि २०१३ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण सभा या नामिकेतून आपला लेखापरीक्षक निवडते. अगदी लहान भागभांडवलाच्या संस्था वगळता एका लेखापरीक्षकाला एका वर्षात वीसपेक्षा जास्त संस्था घेता येत नाहीत, म्हणून सहकाराने विणलेल्या या मुलखात पुष्कळ लेखापरीक्षक लागतात आणि ते जवळपासचे असले तर उत्तम. सोसायटीची कीर्द मराठीत असते, कर्जदार सभासद अहिराणीत बोलतो, बाकी खरी की कागदावरची हे गटसचिवाला विचारण्यापेक्षा सभासदालाच विचारून लवकर कळते. हे काम परक्या माणसाला तितके चांगले जमणार नाही.

लहान सोसायटीच्या तपासणीची फी थोडी असते, आणि केवळ त्यावर संसार चालवणे कठीण आहे, म्हणून प्रमाणित लेखापरीक्षक बहुधा जीएसटी आणि प्राप्तिकराची कामेही जोडीला ठेवतो. पण त्याच्या सहीचे वजन फीवर मोजता येत नाही. हिशेबासंबंधी कोणी गुन्हा केल्याचे अहवालातून निष्पन्न होत असेल, तर पंधरा दिवसांत निबंधकाला विशेष अहवाल देणे आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्याद देणे हे कलम ८१ ने त्याच्यावरच सोपवले आहे, आणि त्यात कुचराई केल्यास त्याचे नाव नामिकेतून जाऊ शकते. गावातल्याच संचालकांविरुद्ध, कदाचित नात्यातल्या माणसाविरुद्ध, फिर्याद देण्याचा हा प्रसंग किती अवघड असतो हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. ती सही सैल पडली की काय होते, हे खानदेशाने भोगलेले आहे. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेत २०१५ च्या सुमारास हजारो ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या बचती अडकल्या. ही संस्था केंद्राच्या २००२ च्या कायद्याखालची, म्हणजे राज्याच्या कलम ८१ च्या बाहेरची होती, पण ठेवीदाराच्या दृष्टीने कायदा कोणताही असो, ताळेबंदाखाली कोणाची तरी सही होतीच.

सनदी लेखापालांच्या बाबतीतही सहीभोवतीची शिस्त गेल्या काही वर्षांत कडक झाली आहे. १ जुलै २०१९ पासून साक्षांकित केलेल्या प्रत्येक अहवालावर आणि प्रमाणपत्रावर त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून मिळणारा अठरा अंकी-अक्षरी विशिष्ट क्रमांक द्यावा लागतो, ज्यामुळे बनावट सहीचे प्रमाणपत्र बँकेला लगेच ओळखता येते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखा-संगणकप्रणालीत प्रत्येक नोंदीतील बदलाची खूण कायम राहिली पाहिजे असा नियम झाला. मागची तारीख घालून नोंद फिरवण्याची सवय त्यामुळे मोडत चालली आहे, आणि तरुण लेखापालाला मालकाच्या आग्रहाला नकार देताना कायद्याचा आधार मिळतो.

हे सर्व नियम आता शेतकऱ्यांच्या दारापर्यंत आले आहेत. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना आणली, आणि कंपनी म्हणून नोंदलेल्या अशा संस्थेला लहान-मोठी न पाहता दरवर्षी सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून ताळेबंद व वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागते. उशीर झाल्यास प्रत्येक विवरणामागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढते. कंपनीच्या बैठकांचे इतिवृत्त, सभासदांच्या भागभांडवलाची नोंदवही, बियाणे-खतांच्या खरेदीची बिले आणि माल घेतल्याच्या पावत्या वर्षभर लावून ठेवणारा माणूस गावातच नसेल, तर मार्च उलटल्यावर धुळ्याच्या सनदी लेखापालाकडे नेण्यासारखे काहीच हाती उरत नाही, आणि सनदी लेखापालालाही पडताळणीसाठी पुरावा मिळत नाही. टॅली शिकलेल्या बी.कॉम. झालेल्या मुलाने अशा दोन-तीन कंपन्यांचे हिशेब मासिक मोबदल्यावर सांभाळले आणि जोडीला जी.डी.सी. अँड ए. ची तयारी केली, तर त्याला शिंदखेडा न सोडता या व्यवसायात पाय रोवता येतो. त्यासाठी कंपनीच्या संचालकांनी लेखापालाचा मोबदला पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे.