काळोखात एकटे राहणे : शांतता की धोका?

गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. आवाज घाबरलेला. म्हणाली, "भाई, आता तुम्हीच समजवा याला. चार दिवस खोली बंद करून अंधारात बसणार म्हणतोय. खिडक्यांना काळा कागद लावून झाला पण."

भाचा २६ वर्षांचा. पुण्यात एका कंपनीत नोकरी, बहुतेक रात्रपाळी. त्याने मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता : चार दिवस पूर्ण अंधारात एकटे राहा, मेंदू धुऊन निघतो, सगळी चिंता संपते. मी फोन केला तर म्हणाला, "मामू, आपल्याकडे एतिकाफ असतोच ना? हे तसंच आहे."

मी शिक्षक माणूस. मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा रागावण्यापेक्षा आधी वाचून घ्यावे, अशी सवय. त्याला म्हटले, आठ दिवस थांब. त्या आठ दिवसांत जे वाचले, जाणकारांना विचारले, ते इथे मांडतो. कारण असे व्हिडिओ फक्त माझाच भाचा पाहतो असे नाही.

हा प्रकार नेमका काय आहे?

परदेशात याला 'डार्कनेस रिट्रीट' म्हणतात. एक खोली असते, तिच्यात प्रकाशाचा एक कणही येत नाही. हवा येते, पण वळणाच्या नळीतून. संडास-बाथरूम आतच. जेवण दोन दारांच्या कपाटातून येते : बाहेरचा माणूस ताट ठेवून त्याचे दार लावतो, मग आतला माणूस आपले दार उघडतो. मोबाईल, घड्याळ, पुस्तक काही नाही. चांगल्या ठिकाणी दाराला कुलूप नसते, केव्हाही बाहेर येता येते आणि रोज कुणीतरी येऊन विचारपूस करते. शेवटच्या दिवशी डोळ्यांना हळूहळू उजेडाची सवय करून देतात.

२०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा प्रसिद्ध खेळाडू एरन रॉजर्स ओरेगॉन राज्यात अशा खोलीत चार दिवस राहिला आणि त्यानंतर या प्रकाराची जगभर चर्चा झाली. पण ही कल्पना नवी नाही. तिबेटच्या बोन आणि बौद्ध परंपरांत अंधारातली साधना जुनी आहे, ४९ दिवसांचीही असते. मात्र ती वर्षानुवर्षे तयारी केलेल्या साधकासाठी, गुरूच्या देखरेखीखाली. व्हिडिओ पाहून शनिवारी सुरू करण्याची ती गोष्ट नव्हे.

आपल्याकडची खलवत

सूफी परंपरेत खलवत आणि चाळीस दिवसांचा चिल्ला आहे. शेख शहाबुद्दीन सुहरवर्दी यांच्या 'अवारिफुल मआरिफ' या ग्रंथात चिल्ल्याची शिस्त सविस्तर दिली आहे. ख्वारिज्मचे शेख नज्मुद्दीन कुब्रा (मृत्यू १२२१) यांनी तर एकांतात बसल्यावर दिसणाऱ्या रंगीत प्रकाशांबद्दल लिहून ठेवले आहे. म्हणजे अंधारात, एकांतात माणसाला काहीतरी दिसू लागते, हे आपल्या बुजुर्गांना आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. म्हणूनच, जे दिसले ते लगेच खरे मानू नको, आपल्या शेखला सांग, असा त्यांचा आग्रह असे. मुरीद एकटा असला तरी त्याच्यावर कुणाचे तरी लक्ष होते.

प्रेषित मुहम्मद (स.) हिरा गुहेत एकांतात जात, ही गोष्ट तर लहान मुलालाही माहीत आहे. पण ती गुहा बंद खोली नव्हती. ते शिदोरी घेऊन जात, ती संपली की हजरत खदीजा (र.) यांच्याकडे परत येत. पहिल्या वहीनंतर थरथरत घरी आले तेव्हा अंगावर पांघरूण घालणारे, धीर देणारे माणूस घरात होते. एकांताला जोडलेले घर विसरू नये.

वेळ कुठे जाते?

आता विज्ञानाकडे येऊ. आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. झोप, भूक, शरीराचे तापमान ते ठरवते. हे घड्याळ बरोबर २४ तासांचे नसते, बहुतेकांचे काही मिनिटे जास्त असते. रोज सकाळी डोळ्यांत उजेड गेला की ते पुन्हा जुळते. शरीराच्या घड्याळाचे काम पेशींच्या पातळीवर कसे चालते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.

उजेड बंद केला तर काय होते, हे फ्रान्सच्या मिशेल सिफ्रे यांनी स्वतःवर करून पाहिले. १९६२ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, ते आल्प्स पर्वतातल्या एका गुहेत १३० मीटर खोल उतरले. दिवा होता, पण सूर्य नाही, घड्याळ नाही. जाग आली, जेवले, झोपायला निघाले की वर फोन करायचा. वरच्यांनी मात्र वेळ सांगायची नाही. १२० पर्यंत आकडे मोजायचे, एका सेकंदाला एक. त्यांना त्यासाठी पाच मिनिटे लागू लागली. १४ सप्टेंबरला त्यांना बाहेर बोलावले तेव्हा त्यांच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. पंचवीस दिवस कुठे गेले, त्यांना कळले नाही.

हे वाचताना मला सूरह कहफ आठवली. गुहेत झोपलेले ते तरुण उठल्यावर एकमेकांना विचारतात, किती वेळ झाला? उत्तर येते, एखादा दिवस किंवा त्याहूनही कमी. प्रत्यक्षात तीनशे वर्षे आणि वर नऊ गेलेली असतात. तो अल्लाहचा चमत्कार आणि हा प्रयोग, दोघांची बरोबरी मी करत नाही. पण बंद जागेत माणसाचा वेळेचा अंदाज किती कच्चा असतो, ते दोन्हीकडे दिसते.

सिफ्रे १९७२ मध्ये पुन्हा गुहेत गेले, यावेळी टेक्सासमध्ये, २०५ दिवस. काही वेळा त्यांचा एक 'दिवस' जवळपास ४८ तासांचा होई. नंतर मन इतके खचले की आत्महत्येचे विचार येऊ लागले. सोबतीला म्हणून त्यांनी एक उंदीर पकडायचा प्रयत्न केला. त्याच्यावर भांडे पालथे घालताना तो चुकून चिरडला गेला आणि हा शास्त्रज्ञ माणूस त्या उंदरासाठी हताश झाला. अलीकडे स्पेनच्या बेआत्रिस फ्लामिनी गुहेत ५०० दिवस राहून एप्रिल २०२३ मध्ये बाहेर आल्या. त्यांना वाटले होते, १६०-१७० दिवस झाले असतील. त्यांच्याकडेही दिवे आणि पुस्तके होती. पूर्ण अंधार याहून कठीण.

काही नसताना दिसते कसे?

बॉस्टनच्या संशोधकांनी १३ निरोगी माणसांच्या डोळ्यांवर सलग पाच दिवस पट्टी बांधली. २००४ मध्ये त्याचा अहवाल आला. १३ पैकी १० जणांना भास झाले. कुणाला नुसते ठिपके आणि चमक, कुणाला चेहरे, इमारती, देखावे. ही माणसे वेडी नव्हती. डोळ्यांकडून काही येईनासे झाले की मेंदूचा पाहण्याचा भाग स्वतःच चित्रे तयार करू लागतो. पट्टी निघाल्यावर भास गेले.

आपल्या समाजात हे समजून घेणे फार गरजेचे आहे. अंधारात कुणाला चेहरा दिसला तर एक जण म्हणेल जिन्न, दुसरा म्हणेल करामत. दोन्ही घाईचे आहे. व्हिडिओवाले आणखी पुढे जातात : अंधारात मेंदूत एक खास रसायन तयार होते आणि त्याने आत्मा जागा होतो म्हणे. माणसांमध्ये हे कुणी सिद्ध केलेले नाही.

२०१८ मध्ये रिच अलाती नावाच्या जुगारी खेळाडूने एक लाख डॉलरची पैज लावली : ३० दिवस काळोख्या बाथरूममध्ये राहीन. वेळ कळू नये म्हणून जेवणही अनियमित देत. २० दिवसांनी दोघांनी तडजोड केली आणि तो ६२,४०० डॉलर घेऊन बाहेर पडला. त्यालाही आत भास झाले होते. पैज आपल्याकडे हरामच, पण काळोख किती जड होतो याचा अंदाज यावरून येतो.

हीच गोष्ट शिक्षा म्हणून

एक गोष्ट विसरू नका. जे लोक आज पैसे देऊन घेतात, ते कैद्यांना शिक्षा म्हणून दिले जात होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये कैद्यांसाठी 'मंडेला नियम' केले. त्यांत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास आणि काळोख्या कोठडीत ठेवणे, दोन्ही मना आहे. आपल्या देशातही एकांतवासाची शिक्षा एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. स्वखुशीने जाणे आणि कोंडले जाणे यात फरक आहेच. दार आपल्या हातात असले की मन वेगळे वागते. पण शरीर तेच, मेंदू तोच.

ज्यांना आधीपासून नैराश्य, घबराट, भास, झोपेचा आजार किंवा फिट येण्याचा त्रास आहे, जे मनाच्या आजाराची गोळी घेतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. घरच्या खोलीत तर नाहीच. अंधारात पडणे, पाणी कमी पिणे, घाबरून दार न सापडणे, हे साधे धोकेही असतात.

भाच्याशी बोलणे

आठ दिवसांनी मी पुण्याला गेलो. त्याला विचारले, "पाच वेळची नमाज कशी पढणार? सूर्य दिसणार नाही, अजान ऐकू येणार नाही."

म्हणाला, "अम्मी प्रत्येक वेळी दार वाजवेल."

मी म्हटले, "बेटा, मग वेळ तर अम्मीने सांभाळली. तू आत, आणि ती चार दिवस दाराबाहेर जागी." तो गप्प झाला.

अंधारात कोंडलेल्या कैद्याने अंदाज घेऊन नमाज पढावी, अशी सवलत उलेमा सांगतात. पण ती नाइलाजासाठी आहे. आपली नमाज सूर्याला बांधलेली आहे. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा. तेच घड्याळ आपण खुशीने का मोडावे? आणि एतिकाफ तसा नसतो. मी स्वतः रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बसलो आहे. मशिदीत दिवे असतात, माणसे असतात, कुणी घोरतो, कुणी सहेरीला उठवतो. जगापासून दूर, पण जमातीच्या आत.

मग मी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता : "तू काही गोळ्या घेतोस का?"

बराच वेळ उत्तर नाही. मग म्हणाला, सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी घबराटीसाठी गोळ्या दिल्या होत्या. दोन महिन्यांपूर्वी त्याने त्या आपल्या मनाने बंद केल्या. घरात कुणालाच माहीत नव्हते. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने ऐकले. ती रागावली नाही. त्याच्या शेजारी येऊन बसली, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंधाराला साफ नाही म्हटले. औषध पुन्हा सुरू केले, झोपेच्या ठरलेल्या वेळा लिहून दिल्या आणि जागे झाल्यावर उजेडात चालायला सांगितले. रात्रपाळी बदलून मिळावी म्हणून त्याने कंपनीत अर्ज दिला आहे, अजून उत्तर आलेले नाही.

एकांत वाईट नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, दिवा मालवून, झोपण्याआधी अर्धा तास जिक्र करत बसा. त्याला पैसे लागत नाहीत आणि कुणाला दाराबाहेर जागावे लागत नाही. पण तुमच्या घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी 'मला काही दिवस अंधारात राहायचंय' म्हणाली, तर लगेच हसू नका, फतवाही शोधू नका. आधी एवढेच विचारा : झोप लागते का? आणि उत्तर येईपर्यंत तिथेच बसा.

भाच्याच्या खिडकीवरचा काळा कागद त्याने स्वतःच काढला. अर्धा मात्र तसाच ठेवलाय, दिवसा झोपायला बरा पडतो म्हणून. पाळी बदलेपर्यंत राहू दे, असे मीही म्हणालो.