डोळ्याची इजा : अंगणात, खळ्यावर आणि घरात

सुरगाणा तालुक्यात भात, नागली, वरई पिकते. मळणी, उफणणी अंगणात किंवा खळ्यावर चालते. तेव्हा उडालेलं तूस डोळ्यात गेलं, की बुबुळावर ओरखडा पडतो. ओरखडा बारीक असला तरी त्यातून बुरशी शिरते, जखम चिघळते, फूल पडतं आणि नजर कायमची अधू होऊ शकते. म्हणून उफणताना वाऱ्याकडे पाठ ठेवावी. लाकूड फोडतानाही साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावावा.

दुसरा मोठा धोका चुन्याचा. तंबाखूसोबतची चुनापुडी मुलांनी दाबली, की ती फुटून चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कलीयुक्त असल्याने आत खोल झिरपत जातो. अशा वेळी दवाखान्यात निघण्याआधी पापण्या उघड्या धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाणी ओतत राहा. पापणीआड अडकलेले कण ओल्या, स्वच्छ कापडाच्या टोकाने टिपून घ्या. चुनापुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशीच ठेवा.

डोळा चोळू नका. दूध, मध, पाल्याचा रस घालू नका. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब बुरशी वाढवतात, तेही टाळा. काटा किंवा काच रुतली असेल तर ती ओढू नका, डोळा धुऊ नका. वर वाटी उपडी ठेवून दाब न देता बांधा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. डोळा लाल राहिला, दुखला किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.