जुना संगणक दान करण्यापूर्वी

गेल्या काही भागांवर एकच प्रश्न वारंवार आला: घरात जुना संगणक पडून आहे, एखाद्या संस्थेला देता येईल का? येईल. मात्र देण्याची एक पद्धत आहे. ती मी चुकून शिकलो, म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

निवृत्त होऊन तेलीबांध्याला घर केलं, त्यानंतरची गोष्ट. तलावापासून जवळच्याच वस्तीत एक छोटी अभ्यासिका चालते. तिला मी माझा जुना डेस्कटॉप दिला. आधी डिस्क फॉरमॅट केली, काम झालं असं समजलो. आठवड्याभरात बारावीचा एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभा. म्हणाला, "सर, ये आपके ही कागज़ हैं ना?" त्याने हौसेने एक फुकट मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून पाहिलं होतं. माझे पेन्शनचे कागद, पॅन कार्डाची प्रत, सौभाग्यवतींच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, सगळं वर आलं. मी सिग्नल्समधला माणूस. फौजेत असताना एखादी डिस्क अशी बाहेर जाऊ दिली असती तर चौकशी बसली असती. मुलगा प्रामाणिक निघाला म्हणून निभावलं.

असं का होतं? साधं फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच असतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्यं लिहावी लागतात. आजच्या डिस्कसाठी एक फेरी पुरते, सात फेऱ्यांची गरज नाही. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. एसएसडीचं गणित वेगळं. तिचा कंट्रोलर माहिती स्वतःच्या हिशेबाने इकडेतिकडे ठेवतो, त्यामुळे वरून लिहिलेलं सगळीकडे पोहोचेलच असं नाही. तिथे डिस्कची स्वतःचीच 'सिक्युअर इरेज' आज्ञा वापरायची. आणि डिस्क बिघडलेली असेल तर ती काढून घ्या, ड्रिलने आरपार भोकं पाडा आणि बाकीचा संगणक द्या.

दुसरा मुद्दा, कोणता संगणक द्यायचा? फौजेत आम्ही एक शब्द वापरत असू: बी.ई.आर., म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे गेलेलं यंत्र. तोच निकष इथे लावा. ६४-बिट प्रोसेसर आहे आणि रॅम ८ जीबीपर्यंत वाढवता येते, तर यंत्र कामाचं आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, पंख्यातली धूळ झाडा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदला, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल नवा घाला. रायपूरच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात यंत्र बंद पडतं ते बहुधा तापूनच. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती टोचू नका, दाबू नका आणि दानात तर मुळीच देऊ नका.

आता विंडोज. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी पुष्कळ यंत्रं एका तारखेत 'जुनी' ठरली. त्यांच्यावर लिनक्स मिंट टाका. परवान्याचा खर्च नाही, सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. सोबत लिबरऑफिस आणि देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. मराठी, हिंदी, छत्तीसगढी तिन्ही त्याच मांडणीवर टाइप होतात. इंटरनेट नसेल तिथे किविक्सने विकिपीडिया डिस्कवरच ठेवता येतो.

एवढी खटपट कशासाठी, भंगारवाला आहेच की, असं काहीजण म्हणतात. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या अभ्यासात एक हिशेब मांडला होता. जुन्या पद्धतीच्या मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं. आजची यंत्रं वेगळी आहेत, पण मुद्दा तोच: बराचसा खर्च यंत्र बनतानाच झालेला असतो. तोडून धातू काढला तर त्यातला थोडासाच परत मिळतो. यंत्र आणखी चार वर्षं चाललं तर तो खर्च चार वर्षं जास्त उपयोगी पडतो. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला.

कायद्याचंही बघा. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. हजार किंवा अधिक उपकरणं वापरणाऱ्या कार्यालयांना आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलर यांनाच द्यावा लागतो. घरातला चालू संगणक दान करणं वेगळं, पण निकामी भाग मात्र नोंदणीकृत माणसाकडेच जाऊ द्या. पुण्यात पूर्णम इकोव्हिजन ही संस्था ई-कचरा गोळा करण्याच्या मोहिमा घेते. असं काम आपल्याही गावात उभं राहू शकतं.

शेवटची गोष्ट, कुणाला द्यायचं. एका संस्थेला मी पाच यंत्रं दिली होती. सहा महिन्यांनी गेलो तर पाचही चादरीखाली. खोलीला अर्थिंग नव्हतं, यूपीएस नव्हता, आणि जबाबदारी कुणा एकाची नव्हती. चूक त्यांची नव्हती; मी विचारलंच नव्हतं. आता मी तीन प्रश्न विचारतो: रोज यंत्र सुरू कोण करणार? वीज कशी आहे? बिघडलं तर फोन कुणाला करणार? तिन्हीची उत्तरं मिळाली तर पाचातली चार यंत्रं देतो आणि पाचवं सुट्या भागांसाठी माझ्याकडे ठेवतो. रसद मागे असेल तरच पुढची चौकी टिकते.

त्या अभ्यासिकेतली यंत्रं आज तोच मुलगा सांभाळतो. डिस्क पुसण्याचं कामही मी त्याच्यावरच सोपवलं आहे. पुसून झाल्यावर तो स्वतःच रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवतो आणि काही सापडत नाही तोवर यंत्र बाहेर जाऊ देत नाही.

आज घरी गेल्यावर माळ्यावरचा संगणक खाली काढा आणि आधी डिस्क बघा. बाकीचं पुढच्या भागात. जय हिंद.