गृहकर्ज : बँकेचे गणित आणि घराचे गणित

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी मनुष्य बहुधा जन्मभर साठवून मग पायाचा दगड बसवीत असे. आज क्रम उलटला आहे. आधी घरात राहावयास जावयाचे आणि मग वीस वर्षे त्याची किंमत फेडावयाची. यात गैर काही नाही. भाड्यात जाणारा पैसा स्वतःच्या भिंतींत जात असेल तर ते शहाणपणाचेही आहे. परंतु कर्ज काढावे की नाही, याचा आपण जितका खल करतो, तितका ते किती काढावे याचा करीत नाही. तो आकडा आपण बँकेकडून घेऊन येतो.

गेल्या दिवाळीत पुण्याहून माझा भाचा व भाचेसून आमच्याकडे आली होती. फराळ आटोपल्यावर भाच्याने बँकेचे मंजुरीपत्र माझ्यापुढे ठेवले.

“मामा, पन्नास लाख मंजूर झाले!” परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद त्याच्या मुद्रेवर होता.

मी म्हटले, “पन्नास लाख देण्यास हरकत नाही, एवढेच बँकेने म्हटले आहे. ते घेण्यास तुला हरकत नाही, असे कोणी म्हटले?”

तो किंचित हिरमुसला. पण भाचेसून कागद-पेन्सिल घेऊन पुढे सरकली.

घर पासष्ट लाखांचे, नव्या इमारतीतले, उद्वाहनाची सोय असलेले. हा केवळ हौसेचा भाग नव्हता. भाच्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गावी एकटी असते. तिचे गुडघे दुखतात; तिला जिने चढवत नाहीत. तिला आणून ठेवता यावे म्हणूनच हे घर हवे होते. म्हणून मीही उपदेश बाजूस ठेवून आकडेमोडीस बसलो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या शेकडा ९०, त्यापुढे पंचाहत्तर लाखांपर्यंत शेकडा ८० आणि त्याहून मोठ्या कर्जात शेकडा ७५ इतकीच कमाल रक्कम देता येते. ही मर्यादा कर्ज देणाऱ्याचा पैसा बुडू नये म्हणून आहे. घेणाऱ्याची झोप उडू नये म्हणून नव्हे. शिवाय मुद्रांकशुल्क व नोंदणी यांचा खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो. पुण्यात शेकडा ७ प्रमाणे ४ लाख ५५ हजार, नोंदणीचे ३० हजार आणि किमतीपैकी स्वतःचे १५ लाख, मिळून १९ लाख ८५ हजार झाले. दोघांची सारी शिल्लक २० लाख. म्हणजे गृहप्रवेशाच्या दिवशी हाती १५ हजार रुपये!

आता हप्ता. शेकडा ८.५ व्याजाने वीस वर्षांसाठी पन्नास लाखांचा मासिक हप्ता ४३,३९१ रुपये होतो. पैकी पहिल्या महिन्यात व्याजच ३५,४१७ जाते. मुदलात आठ हजारही वळत नाहीत. पाच वर्षांत सव्वीस लाख भरूनही मूळ कर्ज सहा लाखांनीसुद्धा कमी होत नाही. वीस वर्षांचे एकूण व्याज ५४ लाखांवर जाते. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता : थकलेले व्याज एका वेळी मुदलाहून अधिक वसूल करू नये. हप्त्यांनी फेडलेल्या व्याजास तो नियम लागू नाही, हे खरे. तथापि दाम दुप्पट होणे ही सीमा आपल्या पूर्वजांस केवढी मोठी वाटली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

“पण मामा, आम्हा दोघांचे मिळून १ लाख २ हजार हाती येतात,” भाचा म्हणाला.

या ‘मिळून’ शब्दापाशीच मला थांबावेसे वाटले. संस्कृतात ऋण देणाऱ्यास उत्तमर्ण आणि घेणाऱ्यास अधमर्ण म्हणतात. वर्गात हे शब्द मी हसत शिकवीत असे. १९९६ साली दोन खोल्या घेतल्या तेव्हा त्यांचा अर्थ कळला. पगार व शिकवण्या मिळून मी मिळकत धरली आणि शेकडा १५ दराने एक लाख ऐंशी हजार काढले. हप्ता अडीच हजारांचा. तिसऱ्या वर्षी घशाच्या विकाराने आवाज बसला. नोकरी राहिली, पण शिकवण्या वर्षभर बंद पडल्या. सौ.ने एके सकाळी न बोलता पाटल्या काढून माझ्या हाती दिल्या. पुढे आवाज परत आला, तेव्हा ती तूट भरून काढण्यासाठी पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत मी शिकवीत होतो. मुलगी त्या काळात कशी वाढली, हे मला आठवत नाही. सौ. एकदाच म्हणाली, “घर झाले, पण घरात बसायला तुम्ही कुठे होतात?” हप्ता एकही चुकला नाही. बँकेच्या वहीत माझे कर्ज उत्तम रीतीने फिटले.

ही हकीकत ऐकून भाचेसुनेने स्वतःच दुसरे गणित मांडले. उद्या मूल झाले आणि तिला वर्षभर बिनपगारी घरी राहावे लागले, तर भाच्याचे ६२ हजार उरतात. हप्ता जाऊन १८,६०९. घरखर्च ३७ हजार. म्हणजे दरमहा अठरा हजारांची तूट आणि शिल्लक पंधरा हजार. एक महिनासुद्धा निभत नाही!

मग आम्ही उलट दिशेने निघालो. सहा महिन्यांचा खर्च व हप्ता हाती राहील, एका पगारावर वर्ष निघेल, असे कर्ज कोणते? आकडे बदलता बदलता पन्नास लाखांचे घर आणि ३८ लाखांचे कर्ज येथे येऊन थांबलो. हप्ता ३२,९७७. शिल्लक ४ लाख २० हजार. एका पगारावर दरमहा तूट आठ हजारांच्या आत. वर्षभर सोसूनही गंगाजळीत तीन लाखांवर उरतात. शिल्लक ओतून कर्ज आणखी दोन-तीन लाखांनी कमी करता आले असते. ते मी करू दिले नाही. रिकाम्या हाताने घेतलेले लहान कर्जही जड होते.

दरवाढीचाही विचार केला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर शेकडा ४ वरून ६.५ वर गेला आणि त्याला जोडलेली गृहकर्जे महागली. अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत लांबविली जाते आणि गृहस्थास बोजा वाढल्याचे कळतही नाही. दर दोन टक्क्यांनी वाढला तर हा हप्ता ३७,९३८ होईल, हेही कागदाच्या कडेला लिहून ठेवले. उलट, बदलत्या दराच्या गृहकर्जाची व्यक्तीने मुदतीपूर्वी फेड केल्यास बँकेस दंड घेता येत नाही. वर्षाकाठी एक हप्ता जादा भरला, तर हेच कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी फिटते.

आता प्रश्न राहिला बहिणीच्या गुडघ्यांचा. पन्नास लाखांत मिळणारी घरे जुन्या इमारतींत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, जिने चढून जावयाची. भाच्याचे तोंड उतरले. मी म्हटले, “मर्यादा ठरली आहे, आता घाई करू नका, शोधा.” सात महिने गेले. अखेर तळमजल्यावरचे एक घर मिळाले. त्यात उजेड कमी, डास थोडे अधिक. म्हणूनच ते इतके दिवस पडून होते.

गेल्या महिन्यात मी तेथे जाऊन आलो. भर दुपारी दिवा लावून माझी बहीण तांदूळ निवडीत बसली होती. भाचा सहा वाजता घरी आला, आणि चहा घेऊन आईपाशी बसला.