एक चित्रपट, अनेक पाठ : इटालियन मारधाडपटांच्या डिस्क-आवृत्त्या

इटालियन दिग्दर्शक मारिओ बावा यांनी १९७४ साली ‘कानी आर्राब्बियाती’, म्हणजे ‘पिसाळलेले कुत्रे’, हा गुन्हेपट चित्रित केला. पगाराची रक्कम लुटून पळणारे दरोडेखोर, त्यांनी ओलीस धरलेली एक स्त्री, वाटेत अडवलेल्या मोटारीचा चालक आणि त्याच्याबरोबरचा आजारी मुलगा एवढीच मुख्य पात्रे. जवळजवळ सगळे कथानक त्या मोटारीच्या आतच घडते. चित्रीकरण बहुतांशी उरकत आले असताना निर्मात्याचे दिवाळे निघाले आणि सगळी सामग्री जप्तीत अडकली. १९८० मध्ये बावा निवर्तले. हा चित्रपट प्रदर्शित झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नव्वदीच्या दशकात चित्रपटाची नायिका लेआ लांडर हिच्या खटपटीमुळे सामग्री मोकळी झाली आणि १९९८ मध्ये ल्युचेर्तोला या छोट्या जर्मन कंपनीने तो डीव्हीडीवर आणला. पुढे निर्माते आल्फ्रेदो लेओने आणि दिग्दर्शकाचे पुत्र लांबेर्तो बावा यांनी त्याच सामग्रीतून ‘किडनॅप्ड’ हा दुसरा पाठ सिद्ध केला. त्यात काही प्रसंग नव्याने चित्रित केलेले आहेत, तसेच संकलन, ध्वन्यारोपण आणि पार्श्वसंगीतही बदललेले आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधील ॲरो कंपनीने हे दोन्ही पाठ एकाच संचात प्रसिद्ध केले.

यांतला बावांचा चित्रपट कोणता, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पहिला पाठ त्यांच्या आराखड्याला अधिक जवळचा, पण त्याला शेवटचा हात इतरांनी फिरवलेला. दुसरा तांत्रिकदृष्ट्या अधिक पूर्ण, परंतु त्यातील काही दृश्ये बावांनी कधी कल्पिलीही नसतील. माझ्या मते पहिल्या पाठाचा अधिकार मोठा आहे. दुसऱ्या पाठातल्याप्रमाणे बाहेर पोलीस काय करताहेत हे दाखवले, की त्या मोटारीतील कोंडमारा सैल होतो आणि बावांनी साधलेला ताण तिथेच ओसरतो.

अशा चित्रपटांच्या डिस्क-आवृत्त्या एकमेकींशी ताडून पाहणे हा संग्राहकांचा हौसेचा खेळ आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचाच प्रकार आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना विद्वानांनी हस्तलिखिते समोर ठेवून जे प्रश्न विचारले, तेच येथे विचारावे लागतात. ही प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, मधले काय गळले, मागून काय घुसले आणि कोणाच्या हातून, असे ते प्रश्न. चित्रपटांच्या बाबतीत या अभ्यासाला नियमित स्वरूप देण्याचे मोठे श्रेय टिम व डॉना लुकास या अमेरिकन दांपत्याकडे जाते. त्यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘व्हिडिओ वॉचडॉग’ या नियतकालिकाने एकाच चित्रपटाच्या निरनिराळ्या देशांतील व्हिडिओ-प्रती दृश्यागणिक ताडून त्यांतील भेद नोंदवण्याची शिस्त घालून दिली. टिम लुकास हेच बावांचे बृहद्‌चरित्रकार होत.

ज्या चित्रपटांविषयी हे लिहीत आहे, त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात. सर्जिओ लेओने यांच्या १९६४ च्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’च्या यशानंतर बहरलेले वेस्टर्न हा पहिला. दुसरा वर्ग पोलीस व गुन्हेगारी जगताच्या संघर्षाचा. इटलीत त्याला ‘पोलित्सिओत्तेस्को’ म्हणतात. १९७२ चा ‘ला पोलित्सिया रिंग्रात्सिया’ हा स्तेनो यांचा चित्रपट या वर्गाचा आरंभबिंदू मानला जातो. त्याच वर्षी फेर्नांदो दी लेओ यांचा ‘मिलानो कालिब्रो नोवे’ही आला. मिलानमधील प्यात्सा फोन्ताना येथील १९६९ च्या बाँबस्फोटापासून पुढे दशकभर इटलीने जो राजकीय हिंसाचार सोसला, त्याची छाया या चित्रपटांवर दाट आहे. अमेरिकन ‘डर्टी हॅरी’चे अनुकरण म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे ठरेल. तिसरा वर्ग युद्धपटांचा. चौथा, ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचा, उद्ध्वस्त भविष्यकाळाची कल्पना करणाऱ्या प्रलयोत्तर चित्रपटांचा. एन्झो कास्तेल्लारी या दिग्दर्शकाने तर चारही वर्गांत काम केले. त्यांचे ‘केओमा’, ‘इल ग्रांदे रॅकेट’, ‘द इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ आणि ‘१९९० : द ब्राँक्स वॉरियर्स’ हे चित्रपट पाहिले, की या सबंध परंपरेचा पट लक्षात येतो.

मुळात इतके पाठभेद का निर्माण झाले? हे चित्रपट आरंभापासून निर्यातीसाठी बनत. प्रत्येक देशातील वितरक नाव बदलत असे, लांबी बदलत असे, प्रसंगी नायकही बदलत असे. कास्तेल्लारींच्या ‘द इनग्लोरियस बास्टर्ड्‌स’ या १९७८ च्या युद्धपटाचे इटालियन नाव ‘क्वेल मालेदेत्तो त्रेनो ब्लिंदातो’, म्हणजे ‘ती शापित चिलखती आगगाडी’. अमेरिकेत त्याची एक आवृत्ती ‘जी. आय. ब्रो’ या नावाने निघाली. तिचे संकलन कृष्णवर्णीय अभिनेता फ्रेड विल्यमसन याला मध्यवर्ती स्थान मिळेल अशा रीतीने फिरवलेले होते. सेव्हरिन कंपनीने २००८ मध्ये काढलेल्या तीन डिस्कच्या संचामुळे मूळ चित्रपट नीट पाहणे शक्य झाले. त्यात क्वेन्टिन टॅरंटिनो आणि कास्तेल्लारी यांचा दीर्घ संवादही आहे. पुढच्याच वर्षी टॅरंटिनो यांनी त्याच्या इंग्रजी नावावरून, शुद्धलेखन मुद्दाम बदलून, आपला चित्रपट काढला.

वितरकाच्या कात्रीबरोबर सेन्सॉरची कात्री होतीच. ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्याने व्हिडिओ कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचे झाले. तेथे १९३७ पासून प्राणिसंरक्षणाचा आणखी एक कायदा असल्याने घोड्याला दोरीने पाडल्याची दृश्ये वेस्टर्नपटांतून वगळली जात. त्यामुळे ब्रिटिश डिस्क चित्रदृष्ट्या सरस असूनही पाठदृष्ट्या अपुरी ठरण्याचे प्रसंग येतात. गळालेला भाग पुन्हा जोडताना मूळ निगेटिव्ह हाती नसेल, तर तो जुन्या प्रिंटमधून किंवा व्हिडिओ फितीतून घ्यावा लागतो. मग लखलखीत चित्र मध्येच काही क्षण धूसर होते आणि पुन्हा सावरते. अशा जोडाचा मला कधीच त्रास वाटला नाही. उलट कात्री नेमकी कोठे चालली होती, हे तो डोळ्यांना दाखवून देतो.

लांबीची तुलना करताना मात्र एका तांत्रिक भेदाचे भान ठेवावे लागते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होतो. युरोपात आणि भारतात रूढ असलेल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखवतात, म्हणून पॅल डिस्कवर चित्रपट सुमारे ४ टक्के वेगाने धावतो. १६१ मिनिटांचा चित्रपट साडेसहा मिनिटांनी कमी भरतो आणि संगीताची पट्टीही थोडी वर चढते. एकही दृश्य न कापता डिस्कवरील वेळ घटलेली दिसते, ती यामुळे. ब्लू-रेवर चित्रपट मूळ २४ चौकटींच्या गतीनेच नोंदवता येतो, त्यामुळे तेथे ही अडचण सहसा उरत नाही.

चित्राच्या गुणवत्तेकडे वळण्यापूर्वी टेक्निस्कोप ही पद्धती समजून घेतली पाहिजे. १९६० च्या सुमारास टेक्निकलर कंपनीच्या इटालियन शाखेने ती विकसित केली आणि काटकसरीने काम करणाऱ्या तेथील निर्मात्यांना ती फारच सोयीची ठरली. ३५ मिलिमीटर फिल्मवर एक चौकट सामान्यतः चार छिद्रांइतकी उंच असते, टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांची असते. १,००० फूट फिल्म एरवी सुमारे ११ मिनिटे पुरते, येथे २२ मिनिटे पुरे. रुंद पडद्याचे २.३५:१ हे गुणोत्तर साध्या भिंगांनी मिळे. मात्र चौकट निम्मी असल्याने पडद्यावर तिचे विवर्धन अधिक होई आणि चित्रातले कण ठळक दिसत. शिवाय चित्रपटगृहाच्या प्रतीसाठी चित्र प्रकाशीय यंत्राने ताणून दुसऱ्या फिल्मवर उतरवावे लागे, त्यात त्याची तीक्ष्णता घटे. आज दोन छिद्रांच्या मूळ निगेटिव्हवरूनच थेट अंकीय स्कॅन करता येते. म्हणून लेओने यांच्या चित्रपटांची चांगली डिस्क १९६६ च्या प्रेक्षकाने पाहिलेल्या प्रतीहूनही अधिक तपशील दाखवते. घरगुती व्हिडिओच्या इतिहासातील ही घटना मला विलक्षण वाटते.

कण हा या चित्रांचा दोष नव्हे, तो त्यांचा पोत आहे. अनेक कंपन्यांनी तो दोष समजून अंकीय गाळणी लावली. कण गेले आणि त्यांच्याबरोबर कातडीवरची रंध्रे, खुरटी दाढी, कोटाच्या कापडाची वीण हेही गेले. चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले. दोन डिस्क ताडताना एकच चौकट दोन्हींवर थांबवावी आणि प्रथम चेहरा पाहावा. ‘मिलानो कालिब्रो नोवे’मध्ये गास्तोने मोस्किन या नटाचा दगडासारखा निश्चल चेहरा हे अभिनयाचे मुख्य साधन आहे, तो गुळगुळीत झाला तर भूमिकाच पुसट होते. त्याच चित्रपटात बार्बरा बुशे हिचे मण्यांच्या पोशाखातले नृत्य आहे. प्रत्येक मणी स्वतंत्रपणे हलतो आणि चमकतो. डिस्कवर चित्र साठवताना माहितीचे आकुंचन करावे लागते. ते निकृष्ट असेल तर असल्या प्रसंगी मणी एकमेकांत मिसळून चौकोनी ठिपक्यांचा गोंधळ दिसू लागतो. दुहेरी थराच्या डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट माहिती मावते, तर तशाच ब्लू-रेत ५०. तरीही एका डिस्कवर दोन-तीन चित्रपट कोंबले, की ब्लू-रेचा लाभ बराचसा वाया जातो.

रंगांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण मूळ रंग कसे होते याचा पुरावाच कालांतराने विटलेला असतो. अलीकडच्या काही पुनरुज्जीवनांत सबंध चित्रावर पिवळसर झाक आढळते. लेओने यांच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’चा वृत्तान्त याबाबतीत सर्वांत बोधप्रद आहे. डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत हा चित्रपट सुमारे तीन तासांचा होता. इंग्रजी आवृत्ती १६१ मिनिटांवर आणली गेली. २००३ मध्ये वगळलेली दृश्ये इंग्रजीत पुन्हा जोडायचे ठरले, पण त्यांना इंग्रजी ध्वनीच नव्हता. क्लिंट ईस्टवूड आणि एली वॉलक यांनी तीन तपांनंतर आपले संवाद ध्वनिमुद्रित केले. ली व्हॅन क्लीफ हयात नसल्याने त्याच्यासाठी दुसऱ्या नटाचा आवाज घेतला. ऐकताना ईस्टवूडच्या आवाजात उतरलेले वय स्पष्ट जाणवते. २००३ च्या या पाठात गुहेतील एक दृश्यही घातले गेले, जे लेओने यांनी रोममधील पहिल्या खेळानंतर स्वतःच काढून टाकले होते. म्हणजे सर्वांत लांब असलेला हा पाठ दिग्दर्शकाने कधी या स्वरूपात मान्य केलेलाच नव्हता. २०१४ च्या ब्लू-रेवर पिवळेपणाची टीका झाली. २०१७ मध्ये किनो लॉर्बर कंपनीने दोन्ही पाठ एकत्र दिले आणि लहान पाठाचे रंग नव्याने जुळवले. माझी शिफारस लहान पाठाचीच आहे, तीही मूळ मोनो ध्वनीसह. बहुस्रोती ध्वनीच्या नव्या मिश्रणात बंदुकांचे जुने आवाज बदलले गेले, आणि लेओने यांच्या चित्रपटात बंदुकीचा आवाज हा संगीताइतकाच रचलेला असतो.

ध्वनीविषयी आणखी एक गोष्ट. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळचा ध्वनी प्रायः वापरत नसत, सर्व संवाद मागाहून भरले जात. एकाच दृश्यात इटालियन, जर्मन आणि अमेरिकन नट आपापल्या भाषेत बोलत. त्यामुळे ‘मूळ भाषा’ ही कल्पना येथे नीटशी लागू पडत नाही. उत्तम डिस्कवर इटालियन आणि इंग्रजी दोन्ही ध्वनिपट्ट्या असाव्यात आणि इटालियन पट्टीसाठी उपशीर्षके स्वतंत्रपणे अनुवादित केलेली असावीत. काही स्वस्त आवृत्त्यांत इंग्रजी ध्वन्यारोपणाचेच शब्द इटालियन संवादांखाली छापलेले असतात. असे केल्याने पात्र एक बोलते आणि प्रेक्षक दुसरेच वाचतो.

पूरक साहित्याचे मोल वर्षागणिक वाढत आहे. या परंपरेतील दिग्दर्शकांपैकी दी लेओ २००३ मध्ये, उंबेर्तो लेंझी २०१७ मध्ये आणि रुज्जेरो देओदातो २०२२ मध्ये निवर्तले. समीक्षकांनी हयातीत फारशी दखल न घेतलेल्या या मंडळींच्या मुलाखती मुख्यतः डिस्कसाठीच घेतल्या गेल्या. छायालेखक, साहसदृश्यांचे कलाकार, संकलक यांच्या आठवणीही तेथेच सापडतात. रारोव्हिडिओने २०११ मध्ये काढलेला दी लेओ यांच्या चार गुन्हेपटांचा संच, ॲरोचा २०२१ चा ‘इयर्स ऑफ लेड’ हा पाच चित्रपटांचा संच आणि त्यानंतरचा कास्तेल्लारींच्या दोन पोलीसपटांचा संच ही माझ्या दृष्टीने या प्रांतातील प्रमाण साधने आहेत.

आपल्याकडच्या एका चित्रपटाचा संबंध येथे थेट पोहोचतो. लेओने यांच्या शैलीचे ऋण असलेला १९७५ चा ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील जुन्या चित्रपटांच्या महोत्सवात पुनरुज्जीवित रूपात दाखवला गेला. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हाती घेतलेल्या या कामात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदललेला शेवट मूळ रूपात परत आला. कोणता पाठ प्रमाण मानावा, हा प्रश्न आता मराठी प्रेक्षकालाही आपल्या ओळखीच्या चित्रपटाविषयी पडणार आहे.

भारतातून या डिस्क मागवणाऱ्याने विभागक्रम तपासून घ्यावा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या आणि पश्चिम युरोप दुसऱ्या. ब्लू-रेच्या तीन विभागांत अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’ आहे, म्हणून ॲरोची ब्रिटिश ब्लू-रे येथील साध्या यंत्रावर चालेलच असे नाही. २०१६ पासून आलेल्या फोर-के डिस्कना विभागबंधन नाही. परंतु त्याच वेष्टनातील जोडीची ब्लू-रे, जिच्यावर बहुधा मुलाखती असतात, ती विभागबद्ध असू शकते.