पहिली नोकरी आकाशातली : वैमानिकाच्या आशेचा हिशेब

(द्वितीय वर्ष, कला)

माझ्या मामांच्या गावी, वैजापूर तालुक्यात, दादा दिसला की पारावरची मंडळी हमखास विचारतात, "काय पायलटसाहेब, विमान पंक्चर झालं का?" दादा हसतो. मामा मात्र हसत नाहीत. समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला त्यांनी या मुलाच्या वैमानिकी शिक्षणात घातला आहे. परवाना मिळून तीन वर्षे लोटली, नोकरी अद्याप नाही. आमच्या दोन्ही घरांत मिळून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे "शिकून काय झालं?" हा प्रश्न दादाला विचारला गेला की तो थोडासा मलाही विचारल्यासारखा वाटतो. परवाना हातात असूनही माणूस घरी का बसतो आणि त्याने धीर धरावा तो कशाच्या जोरावर, हे दादाकडून व इतर वाचनातून मी समजून घेतले. वाचकहो, तेच येथे मांडते.

प्रथम परवान्याविषयी. व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण हवीत. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र अशा लेखी परीक्षा आणि बिनतारी संभाषणाची निराळी परीक्षा द्यावी लागते. प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचे उड्डाण हेही आवश्यक. त्यांतील १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या हाती असावी लागतात. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, नागपूर येथे या शिक्षणाची सोय झाली. परंतु खर्च ५० लाखांच्या घरात जातो. 'महाज्योती' संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये मोफत प्रशिक्षणाची योजना काढली, तेव्हा कोठे इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गांतील काही मुलांना ही वाट दिसली. एरवी ती जमीन विकणाऱ्यांची किंवा कर्ज काढणाऱ्यांचीच आहे.

घरच्यांची समजूत अशी असते की परवाना आला म्हणजे नोकरी आली. येथेच पहिली गफलत होते. हे २०० तास बहुतेक दोन-चार आसनांच्या लहान विमानावरचे असतात. चिकलठाण्याला उतरणारे एअरबस ३२० हे जवळजवळ १८० प्रवासी नेणारे विमान. ते चालविण्यासाठी त्या जातीच्या विमानाचे खास शिक्षण घ्यावे लागते. त्याला 'टाइप रेटिंग' म्हणतात. ते मुख्यतः सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये होते आणि त्याला आणखी काही लाख रुपये लागतात. त्याखेरीज कंपनीची लेखी परीक्षा, सिम्युलेटरवरील चाचणी, मुलाखत. एवढे करून जे मिळते ते सहवैमानिकाचे आसन.

दुसरी गोष्ट मला फार चमत्कारिक वाटली. २०२३ च्या फेब्रुवारीत एअर इंडियाने ४७० आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविल्याचे जाहीर झाले. २०२५ च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळण्याइतके वैमानिक कामावर लावता न आल्याने इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. एकीकडे वैमानिक अपुरे म्हणून विमाने उभी, आणि दुसरीकडे परवाना घेतलेली मुले घरी! हे कसे?

दादाने समजावून सांगितले ते असे. तुटवडा असतो तो बहुधा अनुभवी कॅप्टनचा. कॅप्टन होण्यासाठी लागणारा वरचा परवाना १५०० तासांच्या उड्डाणाशिवाय मिळत नाही. नवख्याला सुरुवातीला शिक्षक-कॅप्टनच्या शेजारी बसूनच उड्डाण करावे लागते. असे शिक्षक मोजके, सिम्युलेटरही मोजके. म्हणून एका वेळी थोडेच नवे घेता येतात. शिवाय मागणी नोंदविलेली विमाने एका दिवसात येत नाहीत, त्यांना वर्षे लागतात. आपल्या शेतीच्या भाषेत बोलायचे तर पाऊस भरपूर पडला तरी पाटाचे दार जेवढे उघडेल तेवढेच पाणी शेतात येणार.

त्यातच मधूनमधून एखादी कंपनी बुडते. किंगफिशर २०१२ साली थांबली. जेट एअरवेज, जिचे विमान आपल्या चिकलठाण्यालाही उतरत असे, ती १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. २०२० मध्ये महामारीमुळे देशांतर्गत विमानसेवाच दोन महिने ठप्प झाली. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्टची विमाने जमिनीवर आली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि २०० तासवाला रांगेत आणखी मागे गेला. यात त्याचा दोष काडीचाही नव्हता. नकाराचे पत्र आले की माणूस आधी स्वतःलाच नालायक ठरवितो. पण पुष्कळदा त्या पत्राचा त्याच्या लायकीशी संबंधच नसतो.

या संदर्भात एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक. १९४७ साली त्यांना परवाना मिळाला. त्यांनी अर्ज केले, आणि आठ विमान कंपन्यांनी त्यांना नाकारले. कारण एकच, त्या स्त्री होत्या. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. त्या वेळी आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ती कंपनी अगदी परकी वाटत नाही. १९४९ साली माथुर यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. मात्र डेक्कनमध्ये त्यांना कॅप्टनपद मिळाले नाही, त्यासाठी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९५३ साली त्या इंडियन एअरलाइन्समध्ये गेल्या. म्हणजे पहिली नोकरी मिळाल्याने झगडा संपला असेही नाही. पण आठव्या नकारानंतर त्या थांबल्या असत्या, तर नववे दार त्यांना दिसलेच नसते.

मग दादा आशा टिकवितो कशी? मी त्याला सरळच विचारले. त्याने मला एक वही दाखविली. तिच्या डाव्या पानावर आपल्या हाती नसलेल्या गोष्टी आहेत : विमाने केव्हा येतील, भरती केव्हा निघेल, कोणती कंपनी टिकेल. उजव्या पानावर हाती असलेल्या : दरवर्षीची वैद्यकीय तपासणी चुकवायची नाही, उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याच्या पात्रतेचे नूतनीकरण वेळेवर करायचे, पहाटे दोन तास हवामानशास्त्र व नियमांची उजळणी, इंग्रजी बोलण्याचा सराव. दुपारी तो सिडकोतील एका शिकवणीत भौतिकशास्त्र व गणित शिकवितो. "हे कमीपणाचं वाटत नाही का रे?" असे मी विचारले तेव्हा म्हणाला, "अगं, तपासणीची फी यातूनच निघते. आबांकडे पुन्हा हात पसरायचा नाही."

आणि वहीच्या शेवटी एक तारीख आहे. त्या दिवसापर्यंत काही झाले नाही तर विमानतळावरील दुसऱ्या कामासाठी अर्ज करायचा, आणि परवाना मात्र जिवंत ठेवायचा, असे त्याने ठरविले आहे. ती तारीख पाहून मला प्रथम वाईट वाटले. मागाहून वाटले की मुदत घालून घेतल्यामुळेच तो रात्री निवांत झोपू शकतो. गेल्या दिवाळीत त्याने ती वही मामांसमोर ठेवली. मामांना फारसे वाचता येत नाही. त्यांनी दादाला सगळी वही मोठ्याने वाचायला लावली, शेवटी एवढेच म्हणाले, "बरं. तारखेपर्यंत मी कुणाला काही बोलू देणार नाही."

मित्रहो, आपल्यापैकी किती तरी जण औरंगपुऱ्यातील अभ्यासिकांत बसून जाहिरातीची वाट पाहत असतात. आपले आकाश निराळे, पण रांग तीच आहे. 'धीर धर' असे कोणी म्हटले की राग येतो, कारण त्या शब्दांना हात-पाय नसतात. दादाच्या उजव्या पानाला ते आहेत. सायंकाळी मुंबईचे विमान सिडकोवरून खाली येऊ लागले की तो शिकवणीच्या दारात येऊन क्षणभर वर पाहतो, वारा कोणत्या दिशेचा आहे ते मनाशी ताडून बघतो, आणि पुन्हा फळ्याकडे वळतो.