साखर मोजली, ताट राहिलं

गेल्या १४ नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनाला, विरारच्या आमच्या फुलपाड्यात मधुमेह तपासणीचं शिबिर झालं. बोटाला सुई टोचायची, पट्टीवर थेंब घ्यायचा, कागदावर आकडा लिहायचा. ज्यांचा आकडा चढा निघाला त्यांना छापील आहारतक्ता मिळाला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, रात्री ब्रोकोलीचं सूप. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या शेजारच्या वहिनींनी तो मला वाचायला लावला आणि विचारलं, "भाऊ, यात वाल कुठं आहेत?" वाल नव्हतेच. नाचणी नव्हती, शेवग्याचा पाला नव्हता, सुकट तर नव्हतीच. मला ते फार लागलं.

विरारला नगरपालिका होती त्या काळाबद्दल आहार शिकवण्याच्या बाबतीत सांगण्यासारखं थोडंच आहे. आरोग्यशिक्षण म्हणजे पोलिओचा डोस आणि हिवतापाचे फलक. मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, अशी सर्वांची समजूत. तिकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या पोषणाचा अभ्यास करत होते. आपलं बाळ वजनाला कमी आणि दिसायला किरकोळ असलं, तरी त्याच्या अंगात चरबी मात्र तुलनेने टिकून असते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे मधुमेहाची वाट आईच्या उपासमारीतूनही जाते. हे आमच्या गल्लीत येऊन कुणी सांगितलं नाही.

खरा बदल झाला तो २००९ ते २०१९ या दशकात, आणि तो मी रोज पाहिला. ३ जुलै २००९ला महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. जीवदानीच्या डोंगराच्या अंगाने चाळी चढत गेल्या. स्टेशनपर्यंत पायी जाणारे शेअर रिक्षात बसू लागले. पहाटेची लोकल पकडणाऱ्याची न्याहारी चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटांवर आली, दुपार वडापाववर, आणि रात्री दहाला घरी पोचल्यावर भाताचा डोंगर. पावसाळ्यात पाड्यांवरच्या बायका टाकळा, कुरडू, कंटोळी, शेवळं घेऊन बसायच्या. आज त्यांच्या पाट्या शोधाव्या लागतात, आणि त्या भाज्या शिजवायच्या कशा हे नव्या सुनांना ठाऊक नाही. शेवळांची खाज घालवायला काकडं लागतात, हे सांगणारी सासू गावी राहिली.

याच दशकात सरकारही जागं झालं, हे मान्य करायला हवं. २०१०मध्ये मधुमेह, हृदयरोग, कर्करोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आला. पुढे आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरू लागल्या. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला दीडशे मिनिटांची हालचाल, आईवडिलांना आजार; गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत, पुरुषाची ९०पर्यंत ठीक. पडद्याआड टेप लावताना बाया लाजायच्या, ताई त्यांना हसवून बोलत्या करायच्या. तुटपुंज्या मानधनावर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण त्या फॉर्ममध्ये घरात कोणतं इंधन वापरता हे विचारलं होतं; त्यावर काय शिजतं, हे नव्हतं.

२०१८च्या सुमाराला सगळा महाराष्ट्र "दीक्षित की दिवेकर" या दोन आहारपद्धतींवर भांडत होता. दोनदाच जेवायचं की थोडं थोडं सारखं खायचं? वर्तमानपत्रांनी रकाने भरले. जेवणाची वेळ ज्याच्या हातात असते त्याचा तो वाद होता. गाळ्यात बारा तास उभ्या राहणाऱ्याला सुट्टी मिळेल तेव्हा घास मिळतो. त्याला डब्यात काय न्यावं, हे कुणी सांगितलं नाही. मोबाइलवर मात्र कारल्याच्या रसाने मधुमेह मुळासकट जातो, असे संदेश फिरत राहिले, आणि ते वाचून चालू गोळ्या सोडणारे मी पाहिले. त्यांतल्या एकाचा पाय गेला. या गोष्टीचा माझा राग अजून उतरलेला नाही.

सांगण्यासारखं ज्ञान हाताशी नव्हतं असंही नाही. २००६मध्येच चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने दाखवलं होतं की मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी आहार आणि चालणं सांभाळलं, तर धोका २८ टक्क्यांहून अधिक कमी होतो. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ निघाली की माणूस उंबरठ्यावर आहे, असं सहसा धरतात. २०२३मध्ये आयसीएमआरच्या पाहणीतून देशात दहा कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज पुढे आला. आमच्या शिबिरात अशांना "अजून काही नाही, गोड कमी करा" एवढंच सांगून घरी पाठवलं. खरी शिकवणी त्यांनाच हवी होती. भाताची मूद निम्मी करा, शेजारी वालाचं बिरडं वाढवा, अर्धं ताट भाजीने भरा. नाचणीची भाकरी चांगली, पण चार खाल्ल्या तर तीही साखर चढवतेच.

पुढच्या शिबिराला सुईबरोबर एक शेगडी आणा. मोड आलेले वाल सोलून बिरडं करणाऱ्या बाया आमच्या चाळीत आहेत, त्यांना मानधन द्या आणि तासभर बोलू द्या. तक्ता छापायचाच असेल तर त्यांना विचारून छापा.